शाळेतला ळ

माझ्या पोरीला डिस्लेक्सिया आहे हे कळल्यापासून सेलूतला जो तो डॉक्टर झाला. शेजारीण म्हणाली, बदाम भिजवून द्या. नणंद म्हणाली, मोबाइल काढून घ्या, आपोआप वाचेल. तहसिलीत दाखल्यासाठी आलेल्या एका भाऊसाहेबांनी तर माझ्याच टेबलासमोर उभं राहून मला सुनावलं की नोकरी करणाऱ्या बायांच्या पोरी अशाच मागं राहतात. दाखला मी दिला, पण बसा म्हटलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या मंडळींना मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

पोर चौथीत होती. बापाचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, तिथं जळालेली मोटर नुसती पाहून ती बिघाड सांगायची. पण पुस्तक उघडलं की 'गरम'चं 'मगर' व्हायचं, 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे, नजर मधेच खालच्या ओळीत घसरायची. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं की हा आळस नाही आणि मठ्ठपणा तर नाहीच. हिला अक्षर ओळखायला वेळ लागतो, तो द्या. उत्तरं तोंडी घ्या. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका. मग आम्ही घरी परातीत बेसन पसरून त्यात बोटानं अक्षरं गिरवू लागलो. एका जुन्या लग्नपत्रिकेला ओळीएवढी खिडकी कापली. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीच्या छळत नाहीत.

हे सगळं मी तिच्या वर्गाच्या मॅडमना जाऊन सांगितलं. मॅडम इथल्याच, आर्वीकडच्या, पण डी.एड. करताना जिभेला इस्त्री करून आल्या होत्या. मले म्हणतात, डिस्लेक्सिया वगैरे शहरातली फॅडं आहेत, खरी अडचण तुमच्या घरची भाषा आहे. आता आमच्या बोलीत ळ नाही हे खरं. डोळ्याला आम्ही डोया म्हणतो, काळ्याला काया, शाळेला शाया. पोर घरी ऐकते तसं वाचते म्हणून चुकते, हे त्यांचं निदान. मी विचारलं, मग 'गरम'चं 'मगर' कोणत्या गावची बोली? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! वर धमकी अशी की घरी शुद्ध बोलायला लागा, नाहीतर वाचनाच्या तासाला तिला दुसरीच्या पोरांत बसवते. लग्नपत्रिकेची खिडकी तर त्यांनी कॉपीचं साधन म्हणून कपाटातच टाकली.

दुसरीत बसवलं तर मी शायेत जाणारच नाई, असं पोरीनं त्या संध्याकाळी सांगून टाकलं. ती हट्टी नाही. म्हणूनच मला भीती वाटली.

मी त्या बाईचं काही ऐकणार नव्हते, पण माझा नवरा भोळा सांब. पोरीला दुसरीत बसवतील या धाकानं तो तिच्याशी शुद्ध बोलू लागला. ज्या माणसाच्या तोंडून जन्मात 'मले'ऐवजी 'मला' निघालं नाही, तो जेवताना विचारतो, "बेटा, तुला आणखी भाजी हवी आहे का?" पहिल्या दिवशी मला हसू आलं. मग लक्षात आलं की ळ असलेला शब्द जवळ आला की तो अडतो, आणि अडण्यापेक्षा गप्प बसतो. दुकानातून आल्या आल्या बापलेकीची जी बडबड सुरू व्हायची ती बंदच पडली. एक दिवस मी पोळ्या करत होते तर पोर ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"आई, बाबा माह्यावर काऊन रागावले?" ती म्हणाली. "पाहुण्यासारखं बोलून राह्यले."

माझ्या मस्तकात तिडीकच गेली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, पोरीला घेतलं आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसले. मुख्याध्यापक मवाळ, दोन्ही बाजूंना मान हलवणारे. त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी येताच पुस्तक उघडून पोरीपुढे सरकवलं आणि वाच म्हणाल्या. मी म्हटलं, आधी तिची खिडकी द्या. कपाट उघडायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला.

पोरीनं लग्नपत्रिका पानावर ठेवली, बोट लावलं आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, "आमची... शाया... धरणाच्या... मागे... आहे."

"ऐकलंत?" मॅडम म्हणाल्या. "शाया."

क्षणभर मीही खचले. मग पुस्तकात डोकावले. पानावर 'शाळा' छापलं होतं. अक्षरं ओळखता आली म्हणून तर तोंडून 'शाया' निघालं, नाहीतर 'गरम'सारखी याचीही उलटापालट झाली असती! 'धरणा'चं 'घरण'ही झालं नव्हतं. पोरीनं अख्खी ओळ बरोबर वाचली होती, आणि ज्या शब्दानं ते कळत होतं त्याच शब्दावर ही बाई लाल रेघ मारायला बसली होती.

"तिनं वाचलं, मॅडम," मी म्हटलं. "आपल्या तोंडानं वाचलं. चुकली कुठं ते दाखवा."

आवाज माझा चढलाच होता. मॅडमचा तोल माझ्याआधी गेला. टेबलावर हात आपटून त्या म्हणाल्या, "हे पाहा, असले लाड आमच्या शायेत चालत नाई."

इस्त्री मोडली. मुख्याध्यापक उगाच बाहेर मैदानाकडे पाहू लागले. पोरीनं मान वर करून पहिल्यांदाच मॅडमच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग मुख्याध्यापकच म्हणाले की ती चौथीतच बसेल, पत्रिका तिच्याजवळ राहील आणि उत्तरं तोंडी घेतली जातील. मॅडमनी माफी मागितली नाही. मला नकोच होती. आजही बाजारात समोर आल्या तर मी रस्ता बदलत नाही, त्यांनाच बदलू देते.

संध्याकाळी नवरा घरी आला, हात धुतले, घसा खाकरला आणि जिभेला पीळ देत विचारलं, "बेटा, आज शा... शाळेत काय झालं?"

पोर त्याला जाऊन चिकटली.

"शाया म्हना, बाबा," ती म्हणाली. "मॅडम बी शायाच म्हनते."