ब्रेकचा सल्ला मी देत नसे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथेही इकडचं तिकडचं मागून परत आलो. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि घरात आता ऐकायला कुणी उरलेलं नाही. पण लगेच मुद्द्यावर येईन असं समजू नका. मास्तर माणूस मी, प्रस्तावनेशिवाय माझा धडा सुरू होत नाही.

आधी गाडीचं सांगतो. गाडीचं सांगणं मला सोपं जातं.

सौसरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. गावात घरच्या मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक मास्तराच्या दारात! अर्थात ती माझी नव्हती. सासरे पांढुर्ण्याचे, संत्र्या-कापसाचे व्यापारी. त्यांनी जीप घेतली आणि जुनी फियाट लेकीला देऊन टाकली. लेकीला — जावयाला नाही. कारण गाडी चालवता यायची ती विमलला. लग्नाआधी, कापसाचा हंगाम संपून जिनिंग कारखान्याचं आवार मोकळं झालं की तिच्या बाबांनी तिला तिथे गोल गोल फिरवून शिकवली होती. पुढे तिनं मला शिकवली. मी जेमतेम शिकलो. समोरून ट्रक आला की माझे हात घामेजायचे. तिचे नाही.

पानठेल्यावर लोक विचारायचे, “काय गुर्जी, आज बाईसाहेब कुठं घेऊन चालल्या तुमाले?” मी हसायचो. हसण्यावारीच न्यायची गोष्ट होती ती. पण मला ती लागायची, आणि लागते हे कुणाला कळू न देण्यात माझी बरीच शक्ती जायची.

मग मी काय केलं? बॉनेट उघडलं. गाडी चालवणं तिचं, तर गाडी सांभाळणं माझं, असं मनाशी ठरवलं. सुटीच्या दिवशी जुनी लुंगी लावून गाडीखाली शिरायचं. वाचून, खोलून, चुकून शिकत गेलो, आणि दोन वर्षांत माझं नाव झालं. पार रामाकोना गावाहून लोक जुन्या गाड्या घेऊन यायचे, गुरुजींना विचारू म्हणून. आणि मी सांगायचो, भरभरून सांगायचो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आली तर गरम पाणी ओता, कोरडं पुसा, वरून व्हॅसलीन लावा. रेडिएटरचं झाकण इंजिन तापलेलं असताना उघडू नका, तोंड भाजेल. सकाळी गाडी काढण्याआधी खाली वाकून जमीन बघा — डाग पाण्याचा आहे की तेलाचा, यावरून अर्धा आजार कळतो. हे सगळं आजही खरं आहे. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर जरूर करा.

फक्त एका गोष्टीबद्दल मी बोलायचं टाळायचो. कुणी म्हणालं, “गुर्जी, ब्रेक थोडा ढिला वाटून राह्यला,” की मी हात झटकायचो. ब्रेकचं काम मी करत नाही, नागपूरला दाखवा. लोकांना वाटायचं, केवढा जबाबदार माणूस.

आता येतो. येतो म्हणतो आणि पुन्हा बॅटरीकडे पळतो — सवयच झाली आहे तशी.

ब्रेकच्या पेडलच्या पुढे एक लोखंडी नळकांडं असतं. त्यात तेल असतं, आणि ते तेल दाबून चाकांपर्यंत पोचवायला रबराच्या छोट्या वाट्या बसवलेल्या असतात. आमच्या गाडीचं तेल हळूहळू पाझरत होतं. नागपूरहून मी नवी रबरं मागवली. घरी बसून सगळं खोललं, मळ काढला आणि एकेक तुकडा घासलेटच्या पातेल्यात टाकला — नव्या रबरांसकट. आमच्याकडे सगळं घासलेटनंच धुतलं जायचं. सायकलचे छर्रे, शिवणयंत्र, कुलपं, ग्रीसचे हात. घासलेटनं जे निघत नाही ते मळच नव्हे, अशी आमची समजूत. वाट्या रात्रभर भिजू दिल्या, सकाळी पुसून बसवल्या. चकचकीत दिसत होत्या.

रबर घासलेटात फुगतं. हे मला ठाऊक नव्हतं का? मी विज्ञान शिकवत होतो! स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वॉशर का असतो, रबराचा का नाही, हा प्रश्न मी स्वतः वर्गात विचारायचो. पोरांकडून उत्तर काढून घ्यायचो. आणि घरी येऊन मीच हे केलं. पण ती चूक झाली. नुसत्या चुकीबद्दल मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

दारात उभ्या गाडीचं पेडल दाबून पाहिलं, टणक लागलं. खरं तर मग गाडी रस्त्यावर काढून, हळू चालवून, चार-दहा वेळा ब्रेक मारून बघायला हवं होतं. पण आमच्या भागात एक रीत आहे. गाडीचं मोठं काम झालं की पहिली चक्कर जामसांवलीच्या मारुतीची. चाकाखाली लिंबू, नारळ, शेंदराचा टिळा, आणि मगच गाडी कामाला लागते. त्याआधी ती दुसरीकडे न्यायची म्हणजे देवाला उष्टं दाखवल्यासारखं. शनिवार होता. मला सकाळची शाळा होती. विमल म्हणाली, मी अन् जोती जाऊन येतो. ज्योती आमची एकुलती एक, तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मी म्हटलं, जा. लिंबू मीच ठेवलं चाकाखाली.

तासाभरात वर्गाच्या दारात माणूस आला. त्याच्याच स्कूटरवर बसून मी जामसांवलीला पोचलो.

मंदिराच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग होता. गाडी त्यात नाक खुपसून उभी. ज्योतीच्या कपाळावरून रक्त येत होतं, विमलनं पदर दाबून धरला होता. भुवईच्या वर खोक पडली होती, पुढच्या लोखंडी पट्टीवर आपटून. बाकी कुणाला काही झालं नव्हतं. समोर दर्शनाला जाणारी माणसं चालली होती, बायाबापड्या, अनवाणी, रस्ता भरून. विमलनं ब्रेक दाबला, तो लागला नाही, आणि तेवढ्या क्षणात तिनं माणसांना चुकवून गाडी मुरमात घातली. माझ्या हातात स्टिअरिंग असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करत नाही.

ती मला बघून म्हणाली, “अवो, मी ब्रेक दाबला. लागलाच नाई. खालीच गेला पाय.”

भोवती गर्दी. कुणीतरी बोललं, “बाईमानसाच्या हाती गाडी देल्ली तं असंच होते, भाऊ. घाबरली, अन् भलतंच दाबलं.” कुणीतरी म्हणालं, गुर्जीले पाहू द्या, गुर्जीले समजते गाडीतलं.

मी आत बसलो. पेडलवर पाय ठेवला आणि दाबलं.

पाय खालीच गेला. तळाला टेकला. कुणाला दिसलं नाही, पाय आत असतो ना.

आता नीट ऐका, कारण हे मी केलं. असा ब्रेक चार-दोनदा भरभर दाबला की थोडा वेळ दाब धरतो, पेडल वर येतं. मला हे माहीत होतं. मी खाली वाकून काहीतरी बघण्याचं नाटक केलं आणि पायानं भरभर दाबत राहिलो. पेडल टणक झालं. मग मी बाहेर आलो आणि मघाशी बाईमानसाचं बोललेल्या माणसाला म्हटलं, “तुमी पाहा दाबून.” त्यानं दाबलं. लागत होता ब्रेक. तो हसला.

मी म्हणालो, “ब्रेक बरोबर आहे.”

तीन शब्द. त्या वेळी माझ्या मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भीती होती, खरं आहे. गुरुजींच्या हातचं काम म्हणून पोरीचं डोकं फुटलं, असं गावभर झालं असतं. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हा कबुलीजबाब पुरा होणार नाही. मला बरं वाटलं. लोक तिला नावं ठेवत होते आणि मला, किंचितसं का होईना, बरं वाटलं. पानठेल्यावर आता कोण हसेल, असं काहीतरी मनात आलं. पोरीचं रक्त अजून थांबलं नव्हतं, आणि मला हे सुचत होतं.

विमलनं वाद घातला नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं.

घरी आल्यावर तिनं एकदा विचारलं, “खरंच का वो, मी दुसरंच दाबलं?” मी किती प्रेमानं बोललो म्हणून सांगू! म्हटलं, होते असं, घाबरल्यावर पाय घसरते माणसाचा, मनाला नको लावून घेऊ. रागावलो असतो तर कदाचित ती भांडली असती. भांडता भांडता खरं बाहेर आलं असतं. मी तिला समजून घेतलं, आणि तिथे ती संपली.

पुढच्या रविवारी दार लावून मी रबरं काढली. फुगून बेढब झालेली. ती चुलीत घातली, नवी बसवली, या वेळी ब्रेकच्या तेलातच धुऊन. गाडी छान चालली. मीच चालवत होतो. विमलनं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. माहेरी जायचं तर बसनं जायची, स्टँडवर पिशवी धरून उभी असायची, आणि गाडी दारात उभी असायची. तिचे बाबा एकदा माझ्यासमोर म्हणाले, “माह्या पोरीचा पाय चुकनार नाई.” मी खाली बघितलं. तर विमलच म्हणाली, “नाई बाबा, चुकला. यायनं तपासून पाह्यला ना ब्रेक.” बापाशी ती माझ्या बाजूनं भांडली.

ज्योतीच्या कपाळावर व्रण राहिला. विमल रोज तिची वेणी घालायची, आणि केस पुढे ओढून तो झाकायची. त्याच दशकाच्या शेवटी ज्योतीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, “कपाळाले काय झालं पोरीच्या?” कुणी काही बोलायच्या आत विमल म्हणाली, “माह्या हातानं झालं. धड चालवता येत नोती, अन् मिरवत होती मी गाडी.” मी तिथेच होतो. पोह्यांची बशी हातात होती. मी पोहे खाल्ले.

ते स्थळ जमलं नाही, दुसरं जमलं. ज्योती सुखात आहे, लांब आहे. तिनं कधी गाडी शिकली नाही. म्हणते, आईवर गेली आहे मी.

आणि ब्रेकचा सल्ला? तो मी का देत नसे, हे आता तुम्हाला कळलं असेल. घासलेटनं रबर धुऊ नका, एवढं एक वाक्य. आमच्या भागात सगळेच घासलेटनं धूत होते. कितीजणांनी धुतली असतील, कुणाचं काय झालं असेल, मला माहीत नाही. पण ते वाक्य बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता — तुमाले कसं समजलं, गुर्जी? म्हणून मी तेवढंच सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं.

विमल गेली त्याला आता बराच काळ झाला. शेवटी शेवटी तिचे पाय सुजायचे. दुपारी जेवणं झाली की मी ते चेपून द्यायचो. एकदा उजवा पाय माझ्या हातात असताना ती हसली. म्हणाली, “हाच तो. यानंच दगा देल्ला मले.” मी चेपत राहिलो. मग थोड्या वेळानं म्हणाली, “पन तुमी कधी बोलून नाई दाखवलं. दुसरा असता तं जलमभर टोचलं असतं त्यानं. तुमी एक शब्द नाई काढला.” आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

तेव्हाही मी बोललो नाही. घरात आम्ही दोघंच होतो.

तिनं ब्रेकच दाबला होता. वेळेवर दाबला होता.