बाबूलालची जीभ

घरात माग होता तोवर बाबूलाल विणकर होता. माग भंगारात गेला तेव्हा तो मटणाचा आचारी झाला. कोष्ट्याच्या घरातला मटणाचा काळा मसाला त्याला लहानपणापासून ठाऊक होता. मोहाडी गावापासून जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांपर्यंत लोक त्याला बोलावू लागले. थोडं नाव झालं, आणि मग एका लांबलेल्या तापात त्याच्या तोंडाची चव गेली. वासही गेला. ताप उतरला, पण ती दोन्ही परतली नाहीत.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. चव न कळणाऱ्या आचाऱ्याला कोण बोलावणार? हाताला माप माहीत आहे, एवढ्या भरवशावर तो रांधत राहिला. कुणी नावं ठेवली नाहीत. त्याला मात्र प्रत्येक घास ओल्या पुठ्ठ्यासारखा लागे. भूक लागायची आणि जेवायचा कंटाळा यायचा.

त्याची मुलगी दामिनी पुण्याच्या एका हॉटेलात वाइन वाढते. संक्रांतीला ती एक बाटली ठेवून गेली होती. सार्डिनिया या इटालियन बेटावरची लाल वाइन. तिकडचे लोक ती भाजलेल्या मेंढीच्या मांसाबरोबर घेतात, म्हणून आपल्या मटणाबरोबर ती कशी लागते ते तिला पाहायचं होतं. जोड जमली तर बाबांना हॉटेलात रांधायला बोलवायचं तिच्या मनात होतं. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तिच्या आईने, कौशल्याबाईने, बाटली चुलीवरच्या फळीवर मसाल्याच्या डब्यांमागे दडवली.

होळीनंतर दामिनी परत आली. मटण शिजलं. तिने चहाच्या ग्लासांत वाइन ओतली आणि पहिला ग्लास बाबांना दिला. या वाइनच्या वासाबद्दल ती फोनवर काय काय म्हणाली होती ते बाबूलालने आठवलं. ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले.

“पिकल्या फळाचा वास येऊन राहिला. रानातल्या झाडपाल्याचा बी. लय मस्त.”

दामिनी खूश झाली. तिने आपला ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. दोन महिने चुलीची धग खाऊन वाइन बिघडली होती. शिरक्याचा आणि जळक्या गुळाचा वास येत होता. तिने बाबांकडे पाहिलं. ते तिच्यासाठी आणखी एक घोट घेत होते.

“बाबा, तुमाले वास कवापासून येत नाही?”

त्याने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, तापापासून. चव बी नाही. आणि जणू आपली बाजू मांडत, “पण हे जीभ धरते. कच्च्या जांभळावानी.”

हे खोटं नव्हतं. इतक्या दिवसांत जिभेला पहिल्यांदाच काही कळलं होतं. त्याने चरबीचा तुकडा तोंडात घातला, जिभेवरची पकड सैल झाली. पुन्हा घोट घेतला, पुन्हा पकड. दामिनी म्हणाली, जोड अशीच लावतात, वाइनचा तुरटपणा चरबी पुसते. वाइन चांगली असती तर आणखी बरंच काही कळलं असतं, हे ती बोलली नाही.

मग तिने विचारलं, इतके दिवस मीठ कसं जुळलं? हाताला ठाऊक आहे, तो म्हणाला.

चुलीपाशी भाकर थापणाऱ्या कौशल्याबाईने मान वर केली नाही. “हाताले कायचं ठाऊक. तुमी पाठ फिरवली का मीच चाखून मीठ टाकतो. तापातून उठल्यावर पयलंच मटण निरं अळणी केलं होतं तुमी.”

प्रत्येक पंगतीला ती कांदे चिरायला बरोबर असायची. त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं. त्याला राग आला नाही, रागावण्याइतकी ताकदही नव्हती. जीभ गेल्यावर हात तरी उरला आहे असं तो धरून चालला होता. उरलेली आंबट वाइन त्याने पिऊन टाकली. कुणी अडवलं नाही.

पुढच्या रविवारी जवाहरनगरात बारशाचं जेवण होतं. दामिनी पुण्याला परतली होती. मटणाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढला, रस्सा उकळू लागला. कांद्यांच्या ढिगाशी बसलेली कौशल्याबाई तो पाठ फिरवायची वाट बघत होती. बाबूलालने पाठ फिरवली नाही. पळीत थोडा रस्सा घेतला, फुंकला आणि तिच्यापुढे धरला.

“चाखून पाय बरं.”

तिने तळहातावर घेऊन चाखला. “मीठ लागते अजून.”

त्याने मिठाचा डबा तिच्याकडे सरकवला आणि पालथ्या घमेल्यावर बसून घेतलं. कंबर सकाळपासून दुखत होती.