चिंगीवाली अक्का

अक्का कुठलंही जनावर काढायच्या आधी त्याचं नाव विचारायची. कोंबडीखाद्याचा एक व्यापारी जयसिंगपूरहून पोत्यावर छापायचं चित्र मागायला आला, तर त्यालाही तिनं विचारलं, "पावणं, कोंबडीचं नाव काय?"

"कोंबडीला कुठं नाव असतंय?" तो कावराबावरा झाला.

"मग ठेवा की. बिननावाचं जनावर मला काढायला येत न्हाय."

चहा येईपर्यंत त्यानं 'सोनी' असं नाव ठेवलं आणि तिथून पुढं तो अक्काचाच झाला. मी शेजारच्या टेबलाशी पट्टी धरून बसले होते. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तिचं खरं नाव महादेवी. घर शिरोळकडचं, लिंगायत, पेंडीच्या व्यापारातलं. घरात निम्मं बोलणं कानडी. चित्रकलेच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. ती माझ्याहून लहान, तरी पहिल्या आठवड्यातच सगळा वर्ग तिला अक्का म्हणायला लागला, आणि वर्गाबरोबर मीही. पुढं नव्वदच्या सुमारास आम्ही दोघींनी लक्ष्मीपुरीत एका छापखान्याच्या माडीवर खोली घेतली आणि लेबलं, खोकी, पाट्या करायला लागलो. धंदा दोघींचा होता, पण जिना चढून येणारा प्रत्येक जण विचारायचा, "अक्का हायत का?" मी तिच्यावर जळायची. सरळ सांगितलेलं बरं.

दोन हजार साल उलटल्यावर मुरगूडचे रणजितदादा आमच्याकडे आले. घरचा दुधाचा धंदा, हातात पैसा, आणि डोक्यात पन्हाळ्याच्या रस्त्याला लहानसं पण उंची हॉटेल काढायचं वेड. प्रत्येक खोली एकेका प्राण्याची. पाटी, किल्लीचे बिल्ले, साबणाची वेष्टनं, पाहुण्यांना निघताना द्यायची गुळाची पिशवी, सगळं त्यांना एकाच हातचं हवं होतं. "दोघी येगयेगळं करून दावा," ते म्हणाले. "एकीचंच घेणार."

मला ते काम हवं होतं. अगदी जीव टाकून हवं होतं. या गावात एक तरी गोष्ट अशी असावी की लोकांनी पाहून म्हणावं, ही शैलाची, एवढंच माझं मागणं होतं. मी वाघ, बिबट्या, गवा, शेकरू काढले. काळ्यावर सोनेरी, केसासारखी बारीक रेघ. ते काम उत्तम होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

अक्का मात्र महिनाभर गंगावेशीत गवळ्यांच्या घोळक्यात. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून पळवतात. मालक पुढं मोटारसायकलवर आणि म्हैस त्याच्या हाकेमागं. त्या गर्दीत ती कागद घेऊन उभी होती. तिनं म्हैस, शेळी, कोंबडा, घोडी असली घरचीच जनावरं काढली, आणि प्रत्येकाखाली नाव.

रणजितदादांनी माझी चित्रं पाहिली. "लई देखणं हाय," म्हणाले. मग अक्काची म्हैस हातात घेतली आणि विचारलं, "ही कुणाची?"

"गंगावेशीतल्या एका गवळ्याची. चिंगी."

ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या लहानपणी घरात असलेल्या म्हशीची गोष्ट सांगायला लागले. मी माझे कागद गुंडाळले.

उद्घाटनाला मात्र गंमत झाली. गुळाच्या पिशव्या अक्कानं छोट्या पोत्यासारख्या शिवून घेतल्या होत्या, वर चिंगीचं तोंड. गारगोटीच्या एका पाहुण्यांना तो नव्या पेंडीचा नमुना वाटला. त्यांनी घरी जाऊन पिशवी म्हशीपुढं रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून दर विचारला. रणजितदादा तणतणत माडीवर आले. त्या दुपारी मला जेवण फार गोड लागलं.

अक्का पोट धरून हसली. "म्हशीला आवडलं न्हवं? मग माणसाला न आवडून सांगतोय कुणाला?" ही गोष्ट तिनं स्वतःच गावभर केली. महिन्याभरात लोक हॉटेलात न उतरताच 'म्हशीचा गूळ' मागायला जाऊ लागले आणि पिशव्या पुन्हा छापाव्या लागल्या. माझ्या हातून अशी चूक झाली असती तर मी धंदा बंद केला असता. तिच्या चुकासुद्धा चालायच्या, याचा मला जास्त राग यायचा.

पुढं काही वर्षांनी ती काविळीनं अंथरुणाला खिळली. दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणाली, "शैले, तुझी रेघ माझ्यापरास सरळ हाय. पर तू जनावराला भितीस. लांबनं काढतीस." आजारी माणसाशी भांडता येत नाही म्हणून मी तिची उशी सारखी केली. त्याच आठवड्यात ती गेली. मी इतकी रडले की छापखान्यातली माणसं वर आली.

रणजितदादांनी आंबा घाटाकडे दुसरं हॉटेल काढलं तेव्हा काम माझ्याकडे आलं. या वेळी मी तबेल्यात गेले, घोड्यांच्या मानेवर हात ठेवला, भीत भीतच. चित्रं चांगली झाली. उद्घाटनाला एक म्हातारे गृहस्थ पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अक्कांनी जायच्या आधी करून ठेवलेलं दिसतंय."

"न्हाय हो," रणजितदादा म्हणाले, "ह्या शैलाताईंनी काढलंय."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "व्हय? अक्कांच्या हाताखाली शिकला जणू?"

कॉलेजात माझा नंबर तिच्या वर होता. ते ओठांवर आलंही होतं. मी म्हटलं, "व्हय."