साडूला परवानगी नाही

थोरले जावई मुळात वाईट माणूस नव्हेत. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर ढकलायला उतरतील, शेजाऱ्यांकडे पाहुणे आले तर आपल्या खुर्च्या नेऊन देतील. शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली तरी त्यांच्या पोटात दुखत नाही. फक्त देवाने त्यांच्या वाट्याचा सगळा हेवा एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि तो माणूस म्हणजे त्यांचे साडू, धाकटे जावई.

धाकट्यांचे अपराध तरी किती सांगावेत! एक तर डोक्यावर अजून दाट केस. त्यात उंची. सासऱ्यांचा विनोद संपायच्या आत हसायची सवय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वागायला गरीब. भांडायला जागाच ठेवत नाही माणूस! थोरल्यांनी कितीदा टोमणा मारून पाहिला, पण धाकटे म्हणायचे, "दादा, तुमचं खरंय," आणि टोमणा आपला हवेत लोंबकळत राहायचा.

थोरले एका मोठ्या रुग्णालयात नोंदणी विभागाचे प्रमुख होते. खिडकीशी आलेल्या रुग्णाचं नाव, वय, आजार संगणकात भरायचा, हे त्यांच्या विभागाचं काम. पण थोरल्यांचा खरा पिंड चौकशीचा. "काय होतंय?" एवढं विचारायच्या जागी ते "कधीपासून होतंय, आधी कुणाला दाखवलंत, त्यांनी काय सांगितलं, मग इकडे कसे आलात?" असं विचारत. रांग बाहेर जिन्यापर्यंत जाई. पण रुग्णालयात कुठली परिचारिका कुठला रकाना रिकामा सोडते आणि का सोडते, हे त्यांना नेमकं ठाऊक असे, कारण ते चहाच्या वेळी जाऊन विचारत.

रुग्णालयाने नवी संगणक प्रणाली आणली, ती कुणालाच आवडेना, तेव्हा वरिष्ठांनी थोरल्यांना बोलावून सांगितलं, "माहिती प्रणालीची पदव्युत्तर पदवी घ्या. संध्याकाळचे वर्ग असतात. दुसऱ्या वर्षी सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस ही शाखा घेतलीत, तर नव्या विभागात तुमची जागा नक्की. आम्हाला लोकांशी बोलून प्रणाली सुधारणारा माणूस हवाय."

थोरले तरंगतच घरी आले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर कॉलेज! रविवारी सासुरवाडीला जेवणाच्या टेबलावर त्यांनी ही बातमी फोडली. सासरे निवृत्त टेलिफोन अधिकारी. त्यांनी चष्मा काढून थोरल्यांकडे पाहिलं, हे काही रोज घडत नसे. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, मागून तिसऱ्या बाकावर धाकटे बसलेले!

"दादा, तुमच्यामुळे मलाही हुरूप आला," धाकटे म्हणाले. ते विमा कंपनीच्या संगणक विभागात होते.

"वा वा, साडूभाऊ," थोरले म्हणाले आणि रात्रभर त्यांच्या जिभेवर ते 'वा वा' कडू औषधासारखं राहिलं.

पहिलं वर्ष सगळ्यांना एकच होतं. थोरले पास झाले, धाकटे चांगले पास झाले. दुसऱ्या वर्षाला तीन शाखा होत्या: डेटा अ‍ॅनालिटिक्स, माहिती सुरक्षा आणि सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस. सुरुवातीचे काही दिवस कुठल्याही वर्गात बसून बघायची मुभा, मग एकदा शाखा नक्की केली की बदल नाही.

थोरले पहिल्या दिवशी सिस्टिम्स अ‍ॅनालिसिसच्या वर्गात बसले आणि त्यांना माहेरी आल्यासारखं झालं. तिथे अभ्यास काय, तर एखाद्या कार्यालयात जायचं, लोक काम कसं करतात ते बघायचं, का करतात ते विचारायचं आणि मग बाणांची चित्रं काढायची. म्हणजे ज्या सवयीसाठी घरात आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याच सवयीला इथे गुण! घरी जाऊन त्यांनी बायकोला अर्धा तास बाण समजावून सांगितले.

पण रविवारी सासऱ्यांनी विचारलं, "काय, कुठली शाखा घेणार?" आणि थोरल्यांच्या आधी धाकटे बोलले. "मी माहिती सुरक्षा घेतोय, बाबा. चोर आत येऊ नये म्हणून पहारा ठेवायचा. कुणाला काय दिसावं, काय दिसू नये, ते ठरवायचं."

"शाबास!" सासरे म्हणाले. "जबाबदारीचं काम आहे. असा माणूस घरात हवा." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने धाकट्यांना पुन्हा वाढलं.

स्वतःच्या हाताने! थोरल्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, सासऱ्यांनी त्यांच्याकडे फार तर मीठ सरकवलं होतं.

"मीसुद्धा सुरक्षाच घेतोय," थोरले म्हणाले.

टेबलाखालून बायकोचा पाय त्यांच्या पायावर पडला. घरी आल्यावर ती म्हणाली, "आणि ते तुमचे बाण?"

"बाण काय, कुणीही काढेल."

"रुग्णालयातल्या जागेचं काय? सुरक्षा घेतलीत तर ती मिळणार आहे का?"

"बघू."

"साडूंनी उद्या विहिरीत उडी मारली तर तुम्ही दोर न घेता जाल," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

सुरक्षेचा वर्ग घेणाऱ्या बाई शांत आवाजाच्या होत्या. त्यांनी वर्गातल्या संगणकांवर एक खोटा दवाखाना उभा केला. एकाने व्यवस्थापक व्हायचं आणि बाकीच्यांना परवानग्या वाटायच्या: डॉक्टरला काय दिसेल, परिचारिकेला काय, हिशेबनीसाला काय. "नियम एकच," बाई म्हणाल्या. "ज्याला कामापुरतं जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. जास्त नाही आणि कमीही नाही."

व्यवस्थापक थोरले झाले, कारण त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. एक उंच मुलगी डॉक्टर झाली, पुढच्या बाकावरचा जाडसर गृहस्थ रुग्ण झाला. औषधं देणारे औषधपाल झाले धाकटे.

थोरल्यांनी परवानग्या वाटायला घेतल्या. डॉक्टरला सगळं दिलं. परिचारिकेला बरंचसं दिलं. मग पडद्यावर धाकट्यांचं नाव आलं आणि थोरल्यांचा हात माऊसवर थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच साडूला काय मिळावं, हे त्यांच्या हातात होतं. रुग्णाचं नाव? कशाला हवं. आजार? खासगी बाब. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध? तेही खासगीच, नाही का? एकेक खूण पुसताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की त्यांनी गुणगुणायलाही सुरुवात केली. शेवटी धाकट्यांकडे सुट्ट्यांचं वेळापत्रक तेवढं उरलं.

प्रयोग सुरू झाला. जाडसर गृहस्थ पोट धरून आले, डॉक्टर झालेल्या मुलीने औषध लिहून दिलं. गृहस्थ धाकट्यांसमोर उभे राहिले.

"औषध द्या."

धाकट्यांनी पडद्याकडे पाहिलं. "काका, मला फक्त एवढं दिसतंय की पुढच्या शुक्रवारी सुट्टी आहे."

वर्ग हसला. गृहस्थांना अभिनयाची हौस असावी. ते कण्हत कण्हत खाली बसले आणि बाकाला टेकून त्यांनी मान टाकली.

"रुग्ण गेला," बाई शांतपणे म्हणाल्या. "व्यवस्थापक, औषधपालाला औषध दिसू नये असं तुम्हाला का वाटलं?"

"सुरक्षेच्या दृष्टीने," थोरले म्हणाले.

"त्यांच्यापासून काय धोका होता?"

थोरल्यांनी बरंच शोधलं. पण पूर्ण वर्ग बघत असताना माणसाला खोटं सुचत नाही. "ते माझे साडू आहेत," ते म्हणाले.

मेलेला रुग्णसुद्धा उठून हसला. थोरल्यांचे कान तापले. पण खरा मार पुढेच होता. रविवारी सासऱ्यांनी विचारलं, "वर्ग कसा काय चाललाय?" थोरल्यांनी डोळे मिटून घेतले. आता हा साडू सगळं सांगणार, साभिनय सांगणार.

"छान, बाबा," धाकटे म्हणाले. "दादांनी दवाखान्याची व्यवस्था केली. एकदम कडक! माशी आत जाईल तर शपथ."

बस्स. पुढे एक अक्षर नाही. वर थोरल्यांकडे पाहून साधंसुधं हसले, डोळासुद्धा मारला नाही. थोरल्यांना वाटलं, पाण्यात डोकं बुडवावं. केस जास्त, गुण जास्त, आणि आता मोठेपणासुद्धा यालाच जास्त! याचा हेवा करायचा तरी कुठे कुठे?

घरी येताना बायकोने विचारलं, "उद्या शाखा नक्की करायची ना?"

"हो."

"मग एकच सांगा. सुरक्षेच्या वर्गात किती वेळा घड्याळ बघता?"

थोरल्यांनी चालण्याचा वेग वाढवला.

"आणि बाणांच्या वर्गात?"

"तिथे घड्याळ आहे की नाही, तेच माहीत नाही," थोरले म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच रस्त्यात थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस नक्की केलं. हेवा गेला होता म्हणून नव्हे. तो होता तसाच होता. पण त्याच्या मागे जाऊन आपण साडूच्या शाखेत दुसरे येणार, हा हिशेब त्यांना पटेना.

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी विचारलं, "ही कसली शाखा? लोकांना प्रश्न विचारायचे? त्याला पदवी कशाला लागते?"

एरवी थोरले तिथेच विझले असते. पण त्यांना घरचा अभ्यास होता. कुठल्याही एका कामाची चौकशी करून आणायची होती. "बाबा," ते म्हणाले, "तुमच्या टेलिफोन केंद्रात ट्रंक कॉल जोडायचा म्हणजे आधी काय करायचे? आणि लाइन मिळाली नाही तर कुणाला सांगायचे?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. मग खुर्ची मागे सरकवली. मग हात हवेत नेऊन कुठली वायर कुठे खोचायची ते दाखवायला लागले. या माणसाला निवृत्तीनंतर कुणी काही विचारलंच नव्हतं! चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. मध्येच धाकट्यांनी सांगून पाहिलं, "बाबा, आमच्या संगणकांभोवती एक नवी भिंत बसवलीय, बाहेरचे हल्ले..." सासरे म्हणाले, "थांब रे, ह्यांना आधी ऑपरेटरचं सांगू दे." आणि त्यांनी बिस्किटांची बशी उचलून थोरल्यांपुढे धरली. स्वतःच्या हाताने.

निघताना जिन्यात धाकटे मागे रेंगाळले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दादा, खरं बोलू? मला आज तुमचा फार हेवा वाटला."

थोरल्यांचा पाय पायरीवरच अडकला. बायको खालून हाका मारत होती. त्यांनी कठड्याला टेकून एक पायरी झटकली.

"बसा, साडूभाऊ," ते म्हणाले. "सावकाश सांगा. नेमका कशाचा, आणि कधीपासून?"