कवळी काढणारे कोच

बेलबॉटमच्या त्या दिवसांत विश्रामबागेत आमच्या कॉलेजला हॉकी शिकवायला एक निवृत्त फौजी यायचे. लडाखला पलटणीकडून गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळताना त्यांचे पुढचे दात गेले होते. मैदानात भांडण पेटलं की ते ओली कवळी काढून माझ्या हातावर ठेवत आणि शांतपणे आत शिरत. तेवढ्यानंच समोरचे गार पडत.

वाईच्या संघाशी सामना होता. पंचांनी आमचा गोल नाकारला. कोचांनी कवळी काढली. पंचांनी गोल दिला!

ते परतल्यावर मी विचारलं, "खरंच मारलं असतं त्यांना?"

कवळी बसवत ते म्हणाले, "छ्या! दात मारनाऱ्याचं जात्यात व्हय रं? मार खानाऱ्याचं जात्यात. म्हनून आमी आपलं आधीच काढून ठिवतो."