तबक पुढे सरकवणारी जाऊ

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं आणि द्राक्षरसाच्या इवल्याशा पेल्यांचं तबक बाकावरून हातोहात पुढे जातं. कोणी काही न घेता ते पुढे सरकवलं की मागच्या चार बाकांना लगेच कळतं, आणि उपासना संपून चपला घालेपर्यंत सगळ्या मंडळीला.

माझी धाकटी जाऊ दीड वर्षं तबक पुढे सरकवत होती.

मी मात्र दर महिन्याला पांढरी साडी नेसून, डोळे मिटून, अगदी मनापासून घेत होते. माझ्या विश्वासाला नावं ठेवायला जागाच नव्हती. महिला मंडळाची अध्यक्ष मी, रविवार शाळेत शिकवणारी मी, उपास-प्रार्थनेला सगळ्यांत पुढे मी. फक्त जावेशी दीड वर्षात एक शब्द बोलले नव्हते.

झालं असं, की सासूबाई गेल्या तेव्हा घरी सांत्वनाची प्रार्थना होती. खोली माणसांनी भरलेली. कोणीतरी म्हणालं, दोन्ही सुनांनी छान केलं हो. मी तिथल्या तिथे बोलले, "केलं ते मी. बाकीचे शेवटी फोटोत यायला आले." जाऊ नर्स आहे. रात्रपाळी संपली की नाशिकरोडहून रोज सकाळी यायची, सासूबाईंचं अंग पुसून, कपडे बदलून मग घरी जाऊन झोपायची. मला हे माहीत होतं. पण माझी जीभ आधी निघते आणि मी तिच्या मागे धावते. त्या दिवशी धावलेही नाही.

गेल्या हिवाळ्यात पाळकसाहेबांनी मला थांबवलं. "तुमच्या जाऊबाईंनी दुसऱ्या मंडळीत जायला पत्र मागितलंय. विश्वासात कमजोर झाल्या असतील. तुम्ही जरा भेटा." ते नवे होते, आमचं बिनसल्याचं त्यांना माहीत नव्हतं, आणि सांगायची मला लाज वाटली.

म्हणून गेले. जाऊ म्हणून नाही, अध्यक्ष म्हणून. रिक्षा द्वारका चौक ओलांडेपर्यंत माझं भाषण तयार होतं.

तिने दार उघडलं, म्हणाली, "या ताई." पाणी आणून दिलं. मी सुरू केलं. विश्वास धरायला हवा, प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहिलं की माणूस प्रभूपासून दूर जातो, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"विश्वास आहे म्हणूनच घेत नाही, ताई," ती म्हणाली. "आधी समेट, मग मेज. तुमच्याबद्दल मनात राग ठेवून मी कशी घेऊ? दोनदा आले होते तुमच्याकडे. एकदा कुलूप होतं. एकदा तुम्ही आतूनच सांगितलंत, आत्ता वेळ नाही, प्रार्थनेला बसतेय."

मला आठवलं. खरंच बसले होते.

"मग पत्र कशाला मागितलंस?"

"तिथे तरी घेता येईल असं वाटलं. मग वाटलं, राग तर माझ्याबरोबरच येणार. पत्र न्यायला गेलेच नाही अजून."

आधी समेट, मग मेज. प्रभूची ही शिकवण मी दर वर्षी रविवार शाळेतल्या मुलांकडून पाठ करून घेते. मुलांचं पाठ झालं, माझंही झालं, पाळलं मात्र हिने. आणि हिचं मन बदलावं म्हणून दर शुक्रवारी महिला मंडळात प्रार्थना करत होते मी. देवाने जे मला करायला सांगितलं होतं, तेच मी देवाला करायला सांगत होते.

"मी खोटं बोलले त्या दिवशी," मी म्हटलं. "तू रोज यायचीस. आईंना तुझ्याच हातचं बरं वाटायचं आणि ते मला खुपायचं. मला माफ कर."

एवढं बोलताना मला घाम फुटला. ती रडली, मग मीही रडले. डोळे पुसत ती म्हणाली, "मीपण तुम्हाला मनात काय काय बोललेय. सांगू?"

"नको बाई. आजच्याला एवढं पुरे."

दोघी हसलो. परतताना इतकं हलकं वाटत होतं, की रिक्षा अर्धा तास ट्रॅफिकमध्ये अडकली तरी मी रिक्षावाल्याला एका शब्दाने बोलले नाही. ते खोटं मी भरल्या खोलीत बोलले होते, म्हणून शुक्रवारी मंडळात उभी राहून सगळ्यांसमोरही ते कबूल केलं. ते जड गेलं, पण रात्री गाढ झोपले.

पहिल्या रविवारी ती माझ्या शेजारी बसली. तबक आलं. तिने तुकडा उचलला आणि कितीतरी वेळ नुसता हातात धरून ठेवला. तेव्हा मला कळलं, ही दीड वर्षं उपाशी होती आणि मी दर महिन्याला तिच्यासमोर जेवत होते. तिने तो तोंडात घातला, तेव्हाच मी तबकाला हात लावला.