लिंबावर ते आले

समजा, उद्या सकाळपासून एक काम तुमच्याकडे आहे. चहाचा कप घेऊन मागच्या दारात बसायचं आणि परसात जो पक्षी दिसेल त्याचं नाव भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं. आवाज आला पण पक्षी दिसला नाही, तर लिहायचं नाही. पलीकडच्या उसात दिसला पण कुंपणाच्या आत आला नाही, तरी लिहायचं नाही. डिसेंबर संपला की सगळी पानं उलटायची, प्रत्येक नाव एकदाच धरायचं आणि वर्षाची बेरीज मांडायची. पहिल्या आठवड्यात मजा वाटेल. दुसऱ्या महिन्यात साळुंकी लिहून लिहून कंटाळा येईल. आता हेच एकोणीस वर्षं करायचं आहे, असं धरा.

कोल्हारच्या छबूबाईंनी ते केलं आहे. शिक्षण सातवी, वय अडुसष्ट. घराच्या मागे शेवगा, पेरू, कर्दळीचा वाफा आणि कुंपणापाशी जुना कडुनिंब. त्यापलीकडे थोडा ऊस आणि मग प्रवरेचा उतार. फुटक्या रांजणाचं बूड त्यांनी पक्ष्यांच्या पाण्यासाठी मातीत रोवलं आहे. मी त्यांच्या शेजारची. मी त्यांना काकी म्हणते, त्या मला संस्कृते म्हणतात.

कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाल्यावर माझे हात शिवशिवत होते. मी त्यांची सगळी जुनी कॅलेंडरं मागून घेतली आणि एकेक चौकोन एक्सेलमध्ये भरायला घेतला. काकींना त्याचं फार हसू यायचं.

"माजी साळुंकी आता मशिनीत बसनार व्हय गं? दाने टाकते का तुजी मशीन?"

कामाला तीन महिने लागले. त्यांची नावं आपल्या पुस्तकातली नाहीत. भारद्वाजाला त्या कुंभारकावळा लिहितात, होल्याला व्हला. ते सगळं मी जुळवत गेले. पण एक नाव जुळेना. जुन्या कॅलेंडरांत महिन्यातून एखाद्या वेळी नुसतं 'त्यो' लिहिलेलं होतं. "त्यो दिसला." कोण, ते नाही.

मी विचारलं तेव्हा काकींनी आधी लिंबाकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"गोल डोळ्याचा. रातचा फिरतो त्यो. त्याचं नाव घ्यायचं नसतं, आन त्याच्यासमोर आपलं बी न्हाई. ऐकलं की त्यो पाठ करतो."

म्हणजे घुबड. मी तक्त्यात घुबड लिहून टाकलं आणि पुढे सरकले.

२०१८ च्या जानेवारीत काकींचे यजमान गेले. गेले म्हणजे निघून गेले, की वारले, हे अजून कोणाला सांगता येत नाही. राधाकृष्णअण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्या दिवशी कारखान्याचा चारचा भोंगा झाला, त्यांनी चहा घेतला आणि नदीवरची मोटर बंद करायला गेले. रात्रीपर्यंत आले नाहीत. लोक कंदील-बॅटऱ्या घेऊन गेले, तर मोटर बंद होती, पेटीला कुलूप होतं. पाणबुड्यांनी दोन दिवस डोह धुंडाळला. काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी काकी स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा मोटरीच्या पेटीची किल्ली तिच्या खिळ्यावर लटकत होती. ती अण्णा सोबत घेऊन गेले होते. कोणी आणून लावली, हे घरातल्या एकालाही माहीत नव्हतं.

त्या महिन्याचे चौकोन रिकामे आहेत. पुढचा महिना मी भरायला घेतला आणि माझी बोटं थांबली. एकवीस फेब्रुवारीच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "ते आले. लिंबावर बसले. तासभर हुते."

'त्यो' नाही. 'ते'.

आपल्याकडे बाईनं 'ते आले' असं लिहिलं की कोण आलं हे विचारावं लागत नाही. मी पुढची पानं उलटली. एप्रिल, ते आले. जून, ते आले. दर वर्षी सात-आठ वेळा. २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत एकसष्ट नोंदी. मी तक्त्यात चाळणी लावली आणि फक्त तेवढे एकसष्ट दिवस काढले. त्या एकाही दिवशी दुसरा पक्षी नाही. चिमणी नाही, कावळा नाही. चौकोनात फक्त 'ते'. माझं काही चुकलं असेल म्हणून मी कॅलेंडरं पुन्हा हातानं तपासली. चुकलं नव्हतं.

"काकी, हे 'ते' म्हणजे आधीचाच ना? गोल डोळ्याचा?"

त्या शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. सुरी थांबली नाही.

"पयला हुता त्याला मी दिसतच नव्हते. बसायचा, झोपायचा. हे बघत्यात. भोंगा झाला की येत्यात."

"म्हणून 'ते'?"

"वयानं मोठ्या मानसाला काय अरे-तुरे करू?"

मी कॅलेंडरं उचलली आणि घरी आले.

त्याच आठवड्यात करण आला. करण म्हणजे काकींचा मुलगा, श्रीरामपूरला असतो. त्याच्या हातात राहात्याच्या वकिलानं केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. सात वर्षं उलटून गेली, अण्णांना मयत घोषित करायला कोर्टात अर्ज द्यायचा, त्यासाठी आईची सही हवी. सातबाऱ्यावर अजून अण्णांचंच नाव, त्यामुळे पाइपलाइनपासून विजेच्या जोडणीपर्यंत सगळं अडून बसलेलं.

मागच्या दारात आम्ही तिघं बसलो होतो. काकींनी चष्मा लावून कागद वाचायला घेतला. अण्णांच्या नावाशी आल्या की त्या नुसतं बोट ठेवून पुढे जात. एका ओळीवर त्या थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं.

"सदर इसम गेल्या सात वर्षांत माझ्या पाहण्यात अथवा ऐकण्यात आलेला नाही."

"हां. तिथंच खाली सही कर," करण म्हणाला.

"इसम म्हंजी मानूस ना रं?"

"मंग दुसरं काय असतंय? आई, तू कागदाचा कीस काढू नको आता. वकिलानं लिहिलंय ते बरोबर हाय."

"वकील बसतो का हितं रोज? एकुनीस वर्सं झाली, जे बघितलं न्हाई ते मी लिहिलं न्हाई, आन जे बघितलं ते खोडलं न्हाई. माज्या हातून खोटं लिहून घिऊ नको म्हन्ते."

"म्हंजी? अण्णा येत्यात म्हन्तीस?"

"मी काय म्हन्ले? मानूस न्हाई आला. एवढं खरं हाय."

असं म्हणून त्यांनी खरंच पेन हातात घेतलं. करणनं सुटकेचा श्वास सोडला, खिशातून पुडी काढली आणि तळहातावर तंबाखू मळायला लागला.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला.

भोंगा संपल्यावर माझ्या लक्षात आलं की बाकीचंही सगळं संपलं आहे. कर्दळीत मघापासून किचकिचणारा शिंपी गप्प होता. पेरूवर रोजच्या साळुंक्या नव्हत्या. एरवी दिवसा घुबड दिसलं की कावळे त्याला फाडून खायला उठतात. आता कावळाच नव्हता. ऊससुद्धा हलत नव्हता.

लिंबाच्या खालच्या फांदीवर ते बसले होते.

उभ्या चिरलेल्या सफरचंदासारखा पांढरट चेहरा, त्यात दोन काळे डोळे. मी डिप्लोमावाली आहे, हा गव्हाणी घुबडाचा चेहरा आहे हे मला कळत होतं. तरीही मला पदर असता तर मी सावरला असता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकींकडेही पाहिलं नाही. मान हळूहळू वळली आणि करणवर थांबली.

करणची बोटं थांबली. त्यानं तंबाखूचा हात हळूच पाठीमागे नेला, मूठ उघडली, सगळी तंबाखू मातीत सांडली आणि तळवा पॅंटीला पुसला. मग मांडीवर घेतलेला पाय खाली सोडून सरळ बसला. चाळीस वर्षांचा माणूस.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. ते उडाले तेव्हा पंखांचा आवाज झाला नाही. बऱ्याच वेळानं कर्दळीत पुन्हा शिंपी किचकिचला, पण दिसला नाही.

"घुबड हुतं ते," करण म्हणाला.

"नाव नको घेऊ!" काकी ओरडल्या. मग म्हणाल्या, "आन घुबड हुतं, तर तंबाखू कुनाला बगून टाकलीस?"

कागद तिथंच पाटावर ठेवून करण संध्याकाळच्या बसनं गेला. त्यानंतर त्याचा फोन येतो, पण सहीबद्दल तो विचारत नाही.

सही अजून झालेली नाही. काकींची अडचण कागदाची नाही, बेरजेची आहे. इतकी वर्षं 'ते' त्यांनी बेरजेत कधी धरलेच नाहीत आणि कोणी विचारलंही नव्हतं. आता धरले, तर तो पक्षी ठरला. मग सात वर्षांत कोणी आलं नाही हे खरं, सही करायला हरकत नाही, कुंकू पुसायलाही नाही. नाही धरले, तर मग कोण येतं हे लिहावं लागेल, आणि ते नाव त्यांना घेता येत नाही.

एकतीस डिसेंबरला त्यांनी मला बोलावून घेतलं. बारा पानं उलटून झाली होती. डिसेंबरच्या पानामागे पेन्सिलीनं रेघ मारून, तिच्याखाली जागा मोकळी ठेवली होती. माझ्या तक्त्यात 'ते'समोर लिहिलेलं घुबड मी आदल्या दिवशीच पुसलं होतं, पण तिथं काय लिहायचं ते मलाही सुचलं नव्हतं. काकींनी पेन्सिलीचं टोक त्या मोकळ्या जागेवर धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू शिकल्याली हायेस, संस्कृते. सांग मला. यंदाचे एकूनपन्नास मांडू, का पन्नास?"